क्रमशः कोण ठरवतं?

मालिका म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर प्रश्नच पोरकट वाटेल. काल जिथे थांबलं तिथून आज पुढे सुरू झालं की झाली मालिका. हे समजायला माणसाला शाळेत जावं लागत नाही. पण हेच एखाद्या यंत्राला समजायचं असेल तर? टीव्हीखाली ठेवलेल्या रेकॉर्डरच्या डब्याला आपण एकदाच बटण दाबून सांगतो, 'ही मालिका रोज मुद्रित करून ठेव.' त्या डब्याला कथा कळत नाही, सासू कोण आणि सून कोण हे ओळखू येत नाही, शीर्षकगीत ऐकू येत नाही. मग उद्याचा कोणता कार्यक्रम 'या' मालिकेतला आणि कोणता नाही, हे तो कशावरून ठरवतो?

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे 'हे कशावरून?' असं विचारायची खोड जडलेली आहे. वय सत्तरी ओलांडून गेलं तरी ती जात नाही. म्हणून या डब्याचाही इतिहास थोडा खणून पाहिला. वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच जुना निघाला.

सुरुवात पोथीपासून करतो. जुनी हस्तलिखित पोथी बांधलेली नसते. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. वारा आला, पोर धडकलं, की पानं घरभर. दोन ग्रंथांची पानं एकत्र मिसळली तर निवडायची कशी? लेखनिकांनी त्याची सोय करून ठेवलेली असे. पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरं आणि पानाचा आकडा. मजकूर वाचायची गरज नाही. समास पाहायचा आणि गठ्ठे लावायचे. अक्षरओळख असलेलं लहान पोरही ते करू शकेल. ग्रंथ समजणं वेगळं आणि पान कोणत्या ग्रंथाचं हे समजणं वेगळं. ही गोष्ट आपल्या लेखनिकांना पक्की ठाऊक होती. रेकॉर्डर बनवणाऱ्यांना ती उमगायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

छापखाने आले आणि 'क्रमशः' हा शब्द आपल्या वाचनात रुळला. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून १८९० ते १८९३ या काळात तुकड्यातुकड्यांनी आली. वाचकाला दर आठवड्याला पुढचं प्रकरण ओळखायला काही कष्ट नव्हते. वर कादंबरीचं नाव, खाली प्रकरणाचा आकडा. आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, तरी त्यांची छापलेली प्रकरणं कोणत्या कादंबरीची याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही. समासातली आद्याक्षरं इथे मथळ्यात आली, एवढाच फरक.

दूरदर्शन आलं तेव्हा मात्र ही खूण गळून पडली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. एकच वाहिनी, ठरलेले वार, ठरलेल्या वेळा. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि देशाला मालिकेची सवय लागली. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी. 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग. त्या काळात 'रविवारी सकाळी' म्हणजेच रामायण होतं. वेळ हेच नाव. माढ्यासारख्या गावात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर त्या वेळेला माणसं आपोआप जमत. कार्यक्रमाला क्रमांक लावण्याची गरजच कुणाला भासली नाही.

मग व्हीसीआर आला. त्याला फक्त घड्याळ कळत होतं. अमुक वारी, अमुक वाजता, अमुक वाहिनी, एवढा वेळ. त्या वेळेला पडद्यावर जे असेल ते तो टेपवर घेई. मालिका असो, शोकसभा असो की 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी असो.

याचा अनुभव आम्ही शाळेत घेतला. १९८८ साली श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली, एकूण ५३ भाग. इतिहासाच्या मास्तराला ही पर्वणीच. गावातल्या एका डॉक्टरांकडे व्हीसीआर होता. त्यांना विनंती केली, कॅसेटी आम्ही वर्गणी काढून आणल्या. तीन तासांच्या कॅसेटमध्ये तीन भाग बसत. प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर भाग, तारीख, विषय. शिवाय एका वहीत तीच नोंद पुन्हा, कारण चिठ्ठ्या उन्हाळ्यात सुटून पडत. आज कळतं, की त्या वहीला आता परदेशी नाव आहे आणि तिच्यावर जाडजूड नियमावल्या आहेत.

त्या मालिकेत शिवाजी महाराजांवर दोन भाग होते, नसीरुद्दीन शाह महाराजांच्या भूमिकेत. पहिला भाग व्यवस्थित मिळाला. दुसऱ्याच्या वेळी वीज गेली. पहिला भाग वर्गाला दाखवला तेव्हा साहजिकच पोरांनी विचारलं, "सर, पुढचा भाग?" पुढचा भाग नव्हता. दूरदर्शन तो पुन्हा कधी दाखवील हे कळायचा मार्ग नव्हता आणि दाखवला तरी तो 'तोच' भाग आहे हे डॉक्टरांच्या व्हीसीआरला कळणार नव्हतं. उरलेलं मी फळ्यावर सांगितलं. पोरांनी ऐकलं, पण डोळे टीव्हीकडेच. ती मालिका आता इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते. त्या वर्गातली पोरं मात्र आता पन्नाशीची आहेत.

घड्याळावर विसंबण्यातली अडचण युरोपातही होतीच. पश्चिम जर्मनीत १९८५ मध्ये त्यावर एक नामी उपाय निघाला. प्रक्षेपणाबरोबर एक अदृश्य खूण पाठवायची. ती खूण म्हणजे कार्यक्रमाची मूळ जाहीर झालेली तारीख आणि वेळ. फुटबॉलचा सामना लांबला आणि साडेनऊचा चित्रपट सव्वादहाला लागला, तरी त्याच्याबरोबर खूण साडेनऊचीच जाई आणि रेकॉर्डर तिची वाट पाहत थांबे. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कुर्डुवाडीच्या फलाटावर उभं राहून 'साडेनऊची अजून आली नाही' असं आपण सव्वादहाला म्हणतोच ना? तिथे साडेनऊ ही वेळ नसते, ते गाडीचं नाव असतं.

अमेरिकेत १९९० मध्ये दुसरी युक्ती आली. वर्तमानपत्रात प्रत्येक कार्यक्रमासमोर एक आकडा छापायचा. तो रिमोटवर दाबला की व्हीसीआर लागला. दिसायला हा कार्यक्रमाचा क्रमांक, पण आत दडलेली तारीख, वाहिनी, वेळ आणि कालावधीच. पुढच्या आठवड्याचा आकडा पुन्हा वर्तमानपत्रातच शोधायचा. म्हणजे क्रमशः अजूनही माणसाच्याच डोक्यात होतं.

खरा बदल १९९९ साली झाला. टिवो नावाचा डबा अमेरिकेत विकायला आला. टेप नाही, आत संगणकाची हार्ड डिस्क. हा डबा रात्री टेलिफोनच्या तारेवरून पुढच्या सुमारे दोन आठवड्यांचं वेळापत्रक उतरवून घेई. महत्त्वाचं म्हणजे ते वेळापत्रक वाहिन्यांनी केलेलं नव्हतं. एका वृत्तपत्रसमूहाच्या माहिती कंपनीतली माणसं बसून ते तयार करत. प्रत्येक मालिकेला एक क्रमांक आणि तिच्या प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक. प्रेक्षकाने मालिका निवडली की डबा तो मालिका-क्रमांक धरून ठेवी. वार बदलला, वेळ बदलली, तरी क्रमांक तोच. भागालाही क्रमांक असल्यामुळे पुनःप्रक्षेपण ओळखता येई. गेल्या २८ दिवसांत मुद्रित केलेला भाग पुन्हा घ्यायचा नाही, असा त्याचा नियम होता. ग्रंथपालाने पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवावा तसा हा प्रकार.

ज्यांना असं ग्रंथालय परवडत नव्हतं त्यांनी नावावर भागवलं. नाव जुळलं तर मालिका तीच. पण नावं फसवी. 'बातम्या' म्हणून सांगितलं तर डबा दिवसभरातल्या सगळ्या बातम्या गोळा करतो. 'मराठी चित्रपट' म्हटलं तर डिस्क चार दिवसांत भरते. उलट मालिकेच्या नावापुढे एखाद्या दिवशी 'विशेष भाग' एवढं लागलं, की डब्याच्या दृष्टीने ती परकी. शाळेच्या हजेरीपटात एकाच आडनावाची सात मुलं असली आणि एकाचंच नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असलं म्हणजे काय होतं, ते मास्तरांना विचारा.

आता डिजिटल प्रक्षेपणाच्या पोटात काय असतं ते थोडक्यात सांगतो. चित्र आणि आवाजाबरोबर एक तक्ता सतत वाहत येत असतो. आपण रिमोटवर मार्गदर्शिका उघडतो तेव्हा दिसतो तोच. युरोपात ठरलेल्या आणि आपल्याकडेही आलेल्या डीव्हीबी पद्धतीत या तक्त्याच्या प्रत्येक ओळीत कार्यक्रमाचा आकडा, सुरुवात, कालावधी, नाव आणि वर्णन असतं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, आपला साडेपाच तासांचा फरक डबा मिळवतो. तारीख कशी लिहितात ते वाचून तर मी चाट पडलो. महिना नाही, साल नाही, नुसता दिवसांचा आकडा. आणि हे दिवस मोजायला सुरुवात होते १७ नोव्हेंबर १८५८ या दिवसापासून! राणीचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ चा, म्हणजे त्यानंतर अवघ्या १६ दिवसांनी. राणीचा याच्याशी काही संबंध नाही, ती खगोलशास्त्रज्ञांची सोय आहे. पण सासू-सुनांच्या भांडणाची तारीख कंपनी सरकार बुडाल्या महिन्यापासून मोजली जाते, हे इतिहासाच्या मास्तराला आवडायचंच. त्या आकड्यासाठी राखलेली जागा २२ एप्रिल २०३८ ला भरते.

या तक्त्यात कार्यक्रमाला आकडा असतो हे खरं, पण तो त्या एका प्रक्षेपणाचा. उद्याच्या भागाला दुसरा आकडा. दोन ओळींमधलं नातं तक्ता सांगत नाही. ते नातं सांगण्यासाठी १९९९ मध्येच टीव्ही-एनीटाइम नावाचा मंच स्थापन झाला आणि त्याने 'क्रिड' नावाची खूण ठरवली. मे २००५ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांतही तिची नोंद झाली, क्रमांक ४०७८. ब्रिटनमधल्या मोफत डिजिटल प्रक्षेपणात हीच पद्धत वापरतात.

क्रिडचे दोन भाग. आधी खूण देणाऱ्याचं नाव, मग त्याने दिलेली खूण. दोन भाग कशाला, असं वाटेल. माढ्यापासून पंढरपूर जवळ, त्यामुळे मला लगेच दिंडी आठवली. माउलींच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात. पण नुसतं 'तीन नंबरची दिंडी' म्हणून भागत नाही. रथापुढची तीन का रथामागची तीन, ते सांगावं लागतं. चुकलेल्या वारकऱ्याला ते दोन्ही ठाऊक असलं की लाखोंच्या गर्दीत तो आपल्या माणसांत पोचतो. प्रत्येक वाहिनीने आपापले आकडे हवे तसे द्यावेत, पुढे वाहिनीचं नाव असलं की घोळ होत नाही.

कार्यक्रमाला अशा दोन खुणा लावता येतात. एक या भागाची, दुसरी त्याच्या मालिकेची. मालिकेची खूण जुळली की मुद्रित करायचं. भागाची खूण आधीच घेतलेल्या भागाशी जुळली की सोडून द्यायचं. रात्री दोन कार्यक्रम एकाच वेळी आले आणि एक घेता आला नाही, तर दुपारच्या पुनःप्रक्षेपणाला भागाची खूण तीच असल्याने डबा तेव्हा उचलतो. चित्रपट मध्येच थांबवून बातम्या दाखवल्या, तर दोन्ही तुकडे एकाच चित्रपटाचे हे सांगायचीही सोय आहे. आमच्या वहीत नेमकं हेच नव्हतं. 'शिवाजी, भाग दुसरा' पुन्हा लागेल तेव्हा ओळखायची खूण.

भारतात उपग्रहावरून घरोघर येणारी सेवा २००० च्या दशकात फोफावली. टाटा स्कायने २००८ मध्ये हार्ड डिस्कचा डबा आणला. पाठोपाठ इतरांनीही आणले. केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झालं. सोलापूर शहर दुसऱ्या टप्प्यात, त्याची मुदत ३१ मार्च २०१३. आमच्यासारख्या गावांची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. मराठी घरांत या डब्याचं काम मुख्यतः एकच, रोजच्या मालिका. आणि मराठी मालिकांनी त्याची परीक्षाच घेतली म्हणायची.

एक उदाहरण महासंगमाचं. दोन मालिकांची पात्रं एकत्र आणायची आणि सलग तासभर दाखवायचं. आता तो तास कुणाचा? पहिलीचा की दुसरीचा? बघणाऱ्या बायकांना विचारा, दोन्हींचा म्हणतील. नियमाप्रमाणे एका कार्यक्रमाला एकाहून अधिक खुणा लावता येतात, म्हणजे यंत्राला अडचण नाही. कुणीतरी बसून त्या दोन्ही लावायला मात्र हव्यात. नाहीतर नावावर चालणारा डबा 'महासंगम' हे नाव वाचून त्याला तिसरीच मालिका समजतो आणि महिनाभर जपलेला धागा ऐन लग्नाच्या दिवशी तुटतो.

दुसरं उदाहरण 'रात्रीस खेळ चाले'. पहिली २०१६ मध्ये, दुसरी २०१९ मध्ये, तिसरी २०२१ मध्ये. त्यातल्या दुसरीची कथा पहिलीच्या आधीची! कथेच्या हिशेबाने दुसरी पहिली, प्रक्षेपणाच्या हिशेबाने पहिली पहिली. या तीन मालिका का एकीचे तीन भाग? 'अग्निहोत्र' २००८ मध्ये सुरू झाली आणि 'अग्निहोत्र २' आली २०१९ मध्ये. अकरा वर्षांनी आलेला दुवा तोच धरायचा का? बखरीला कुणीतरी पुढे पुरवणी जोडली तर ती एक बखर की दोन, यावर आमच्या विषयात विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. डब्याला मात्र एका क्षणात 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं.

तिसरी परीक्षा टाळेबंदीची. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि मालिकांच्या वेळांवर जुने भाग लागू लागले. २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा आलं, एक भाग सकाळी ९ वाजता आणि एक रात्री ९ वाजता. सकाळचा आणि रात्रीचा भाग वेगवेगळा. पण आपल्या सवयीप्रमाणे रात्रीचा म्हणजे सकाळचाच पुन्हा, असं कुणालाही वाटावं. भागाला स्वतंत्र खूण नसेल तर यंत्राने तरी काय करावं?

एवढं सगळं पाहिल्यावर मला जे दिसलं ते असं. यंत्र काहीच ठरवत नाही. ते फक्त चिठ्ठी वाचतं. ठरवतो तो चिठ्ठी लावणारा. वाहिनीच्या कचेरीत वेळापत्रक भरणारा कुणी अनाम माणूस किंवा माहिती कंपनीतला कारकून. त्याने एक आकडा चुकवला तर हजारो घरांतला एक भाग गळतो, आणि तो माणूस कोण हे कुणाला कधी कळत नाही. पोथीच्या लेखनिकासारखाच तो. फरक इतकाच, की लेखनिक निदान शेवटी आपलं नाव-गाव-शक लिहून ठेवी.

यात गमावण्यासारखं फक्त एक भाग असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० च्या दशकातल्या 'डॉक्टर हू' मालिकेच्या टेपा पुसल्या आणि नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत. कोणता भाग हरवला हे त्यांना निदान भागवार सांगता येतं, कारण यादी शिल्लक आहे. म्हणूनच लोक शोधत राहतात आणि अधूनमधून एखादा भाग कुठल्यातरी पेटीत सापडतोही. यादीच नसती तर हरवलं आहे हेसुद्धा कळलं नसतं. ज्याला क्रमांक नाही त्याचं हरवणंही नोंदलं जात नाही.

आता रेकॉर्डरचे दिवसही सरत आले. मालिका मोबाइलवर हवी तेव्हा दिसते, पर्व आणि भाग मांडून ठेवलेले असतात, मुद्रित करायची गरजच उरली नाही. सोय झाली हे नाकारत नाही. पण डब्यात निदान एक प्रत आपल्या घरात होती. तीही सांकेतिक कुलपात आणि बहुधा वर्गणी चालू असेपर्यंतच, पण होती. आता मांडणीही त्यांची, प्रतही त्यांची. उद्या त्यांनी फळीवरून मालिका उचलली तर आपल्या हातात चिठ्ठीसुद्धा नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. घरात जुन्या कॅसेटी असतील, लग्नाच्या, कीर्तनाच्या, गावच्या यात्रेच्या, वडिलांच्या आवाजाच्या, तर त्यांच्यावर आजच चिठ्ठी लावा. काय आहे, कधीचं आहे, कितवं आहे, कोण बोलतंय. आणि तेच एका वहीत पुन्हा लिहा, कारण चिठ्ठ्या सुटतात. आमच्या शाळेच्या कॅसेटींना बुरशी लागली आणि त्या केव्हाच टाकून द्याव्या लागल्या. ती वही मात्र माझ्याकडे आहे. 'शिवाजी, भाग दुसरा' या ओळीसमोर 'वीज गेली' असं लिहिलेलं आहे. पुढच्या कुणा वाचणाऱ्याला मधला भाग का नाही, याचं उत्तर तेवढ्या दोन शब्दांत मिळेल.

असो. फार लांबलं. बाकी क्रमशः!